हरण्याची इच्छा आमच्यावर लादू नका

एनबीएचे आयुक्त अ‍ॅडम सिल्व्हर आणि नियामक मंडळावरचे तीसही संघांचे प्रतिनिधी यांस,

सप्रेम नमस्कार.

येत्या काही दिवसांत शिकागोत ड्राफ्टच्या लॉटरीसाठी, म्हणजे नव्या खेळाडूंमधून कुठल्या संघानं आधी निवडायचं हे ठरवायला, १४ पिंग-पाँगचे चेंडू एका यंत्रात घुसळले जातील. दर सोडतीला त्यातले ४ बाहेर येतील आणि आमच्या संघाची पुढची कितीतरी वर्षं कशी जाणार, याचा बराचसा निकाल तिथं लागेल. मी वॉशिंग्टन विझर्ड्स या बास्केटबॉल संघाची चाहती आहे. यंदाचा हंगामही आमच्या संघानं तळाशीच संपवला. गेल्या वर्षी, १२ मे २०२५ रोजी, याच लॉटरीत आमचा संघ नियमानं जितका खाली घसरू शकत होता तितका घसरला. त्याच संध्याकाळी पहिली निवड डॅलस मॅव्हरिक्सला मिळाली, आणि तो संघ आदल्या जूनमध्ये अंतिम फेरी खेळलेला होता. ज्या व्यवस्थेत असं घडतं, ती बदलण्याचा विचार सुरू असल्याचं तुम्ही जाहीरपणे सांगितलं आहे. तो विचार बंद खोलीत पूर्ण होण्याआधी, तिकीट काढून सामना पाहणाऱ्यांचं म्हणणं तुमच्यापर्यंत यावं म्हणून हे पत्र.

ते इंग्रजीतूनही तुमच्या कार्यालयाला पाठवते आहे. इथं मराठीत प्रसिद्ध करते आहे, कारण तुमचा खेळ जीव लावून पाहणारी मराठी माणसं आता थोडीथोडकी राहिलेली नाहीत. न्यू जर्सीत, टेक्ससमध्ये, कॅलिफोर्नियात ती आहेतच, आणि नागपूर, पुणे, मुंबईत पहाटेचा गजर लावून उठणारीही आहेत. ऑक्टोबर २०१९मध्ये तुम्ही सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांना वरळीच्या एनएससीआय डोममध्ये आणलंत. माझा पुतण्या तेव्हा नागपूरहून रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेला होता. तुम्हाला आम्ही प्रेक्षक म्हणून हवे आहोत, हे तुम्हीच तेव्हा दाखवून दिलंत. मग प्रेक्षकांचं गाऱ्हाणंही ऐकून घ्यावं.

मी मूळची नागपूरची. आमच्या शहरात बास्केटबॉल मनापासून खेळला जातो. सिमेंटच्या कोर्टवर शाळेकडून आणि मग जिल्ह्याकडून मी खेळले. लग्नानंतर मेरीलँडला आले तेव्हा या देशात माझ्या ओळखीचं फारसं काही नव्हतं, पण रेड लाइन मेट्रोनं गॅलरी प्लेसला उतरलं की समोर एक अशी इमारत होती जिथं काय चाललंय ते मला कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं. जॉन वॉल तेव्हा ऐन भरात होता. २०१७मध्ये बोस्टनविरुद्धच्या सहाव्या सामन्यात अखेरच्या सेकंदांत त्यानं टाकलेला तीन गुणांचा बास्केट आणि त्यानंतर टेबलावर चढून दिलेली आरोळी, हे आमच्या घरात अजून कालच घडल्यासारखं बोललं जातं. सातवा सामना आपण हरलो.

‘आपण’ म्हणते, कारण चाहत्यांना दुसरं सर्वनाम सुचत नाही. या संघानं विजेतेपद जिंकलं ते १९७८ साली, तेव्हा त्याचं नाव वॉशिंग्टन बुलेट्स होतं. १९७८-७९नंतर एका हंगामात ५० विजय आम्ही पाहिलेले नाहीत. २०२३-२४मध्ये १५ विजय आणि ६७ पराभव. पुढच्या वर्षी १८ आणि ६४. दोन्ही हंगामांत सलग १६ सामने हरण्याची वेळ आली. पराभवाची आम्हाला सवय आहे. हे पत्र आपला संघ हरला म्हणून लिहिलेलं नाही, हे आधी स्पष्ट करते. आमची तक्रार आहे ती हरण्याची इच्छा धरायला लावण्याबद्दल.

१३ एप्रिल २०२५ची संध्याकाळ आठवा. हंगामाचा शेवटचा दिवस, सामना मायामीत. बब कॅरिंग्टन हा आमचा १९ वर्षांचा नवखा गार्ड. त्या वर्षी तो ८२च्या ८२ सामने खेळला. संघ रोज हरत होता, तरी एकही दिवस सुट्टी न घेता खेळला. त्या संध्याकाळी अगदी शेवटच्या क्षणी त्यानं शॉट घेतला, तो आत गेला, आणि आम्ही ११९-११८ असे जिंकलो. बेंचवरची पोरं त्याच्या अंगावर धावून गेली. कुठल्याही खेळात, कुठल्याही गावात अशा क्षणाला लोक खुर्चीवरून उठून ओरडतात.

आमच्याकडे काय झालं? माझ्या ओळखीतल्या किती तरी चाहत्यांनी त्याच मिनिटाला हिशेब मांडला. हरलो असतो तर १७-६५वर यूटा जॅझची बरोबरी झाली असती. मग नाणेफेकीत तळाची जागा मिळण्याची आशा असती, आणि ती मिळाली तर पाचव्या क्रमांकाच्या खाली घसरण्याची भीती तरी टळली असती. जिंकल्यामुळे सहाव्यापर्यंत घसरण्याची वाट उघडी राहिली. महिन्याभरानं लॉटरीत आम्ही नेमके सहावे आलो. चेंडू पुन्हा त्याच क्रमानं बाहेर आले असते असं कुणी म्हणू शकत नाही, मीही म्हणत नाही. पण एका १९ वर्षांच्या मुलानं आयुष्यातला पहिला असा शॉट घालावा आणि त्याच्याच शहरातल्या लोकांनी ‘अरे, हे कशाला केलंस’ म्हणावं, ही अवस्था त्या लोकांनी ओढवून घेतलेली नाही. ती तुमच्या नियमांनी आणली. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. मार्च महिन्यात सामना सुरू होण्याआधी तो मला विचारतो, “आई, आज आपल्याला जिंकायचंय की हरायचंय?” हा प्रश्न तो खोडसाळपणे विचारत नाही. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं असतं.

ही माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार. बाकीच्या तिच्याच पोटातून निघतात.

दुसरी अशी, की हरून जे मिळायचं म्हणून सांगितलं जातं, तेही मिळत नाही. ड्राफ्टमागचा विचार मला मान्य आहे. जो दुबळा त्याला आधी निवडू द्यावं, म्हणजे काही वर्षांत तो उभा राहील. १९८४पर्यंत दोन्ही विभागांतल्या तळाच्या संघांमध्ये नाणेफेक होत असे. १९८५मध्ये लॉटरी आली, त्या वर्षी प्लेऑफ, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेऱ्या, न गाठलेल्या सातही संघांना सारखीच संधी होती. १९९०पासून तळाच्या संघाला अधिक संधी देण्यात आली. १९९३मध्ये ओरलँडो मॅजिक ४१-४१ अशी बरोबरीची कामगिरी करून, ६६पैकी अवघी १ संधी हाती असताना, सलग दुसऱ्या वर्षी पहिली निवड घेऊन गेला. आदल्या वर्षी त्यांना शकील ओनील मिळालेला होता. तेव्हा तुमच्या मंडळानं लगेच नियम बदलला आणि तळाच्या संघाची शक्यता २५ टक्क्यांवर नेली. मग मुद्दाम हरणं वाढलं. फिलाडेल्फियानं वर्षानुवर्षं तोच कार्यक्रम राबवला, २०१५-१६मध्ये १० विजय आणि ७२ पराभवांपर्यंत तो संघ गेला. त्यावर उपाय म्हणून २०१७मध्ये तुम्ही पुन्हा मतदान घेतलंत, आणि २०१९पासून तळाच्या तिन्ही संघांना १४-१४ टक्के अशी वाटणी झाली. पूर्वी सर्वांत वाईट संघ चौथ्याच्या खाली घसरू शकत नव्हता, आता पाचव्यापर्यंत घसरतो, आणि तसं होण्याची शक्यता जवळजवळ ४८ टक्के असते.

परिणाम पाहा. २०१९ ते २०२५ या सात लॉटऱ्यांमध्ये सर्वांत वाईट कामगिरीच्या संघाला पहिली निवड एकदाही मिळालेली नाही. डेट्रॉइट २०२३मध्ये १७-६५ होता, पाचवा गेला. पुढच्या हंगामात त्या शहरानं सलग २८ पराभव सोसले, १४-६८वर हंगाम संपवला, आणि पुन्हा पाचवा गेला. त्या वर्षी पहिली निवड अटलांटाला मिळाली, ३ टक्के शक्यतेवर. २०२५मध्ये डॅलसला, १.८ टक्क्यांवर. सॅन अँटोनियोला २०२३मध्ये पहिली, २०२४मध्ये चौथी, २०२५मध्ये दुसरी. त्या संघाचा मला राग नाही, त्यांनी नियम मोडलेला नाही. चेंडू कसेही पडू शकतात, हे शाळेत संभाव्यता शिकलेल्या कुणालाही कळतं. पण ज्या मदतीचं नाव सांगून तुम्ही शहरांना वर्षानुवर्षं पराभव गिळायला लावता, ती मदत दुबळ्यापर्यंत पोहोचेलच याची तजवीज तुमच्या नियमात नाही. आणि हरण्याचा मोह मात्र पूर्वीइतकाच शिल्लक आहे. रोग तसाच राहिला आणि औषधाचा गुणही गेला, अशी २०१९च्या सुधारणेची गत झाली आहे.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते. लॉटरी म्हणजे सर्वस्व नव्हे. आम्ही २००१मध्ये ती जिंकलो आणि क्वामी ब्राउन निवडला, त्यातून काही उभं राहिलं नाही. डेट्रॉइट दोनदा पाचवा जाऊनही २०२४-२५मध्ये ४४ सामने जिंकून प्लेऑफला पोहोचला, चांगला प्रशिक्षक आणि केड कनिंगहॅम यांच्या जोरावर. त्यामुळे ‘आम्हाला पहिली निवड द्या’ अशी मागणी या पत्रात कुठंही सापडणार नाही.

तिसरी तक्रार बहुतेक प्रेक्षकांना समजतच नाही, म्हणून ती थोडी विस्तारानं सांगते. आमच्या संघानं डिसेंबर २०२०मध्ये जॉन वॉल ह्यूस्टनला दिला, रसेल वेस्टब्रूक घेतला, आणि त्या व्यवहारात पुढची एक पहिल्या फेरीची निवडही देऊ केली. ती निवड ह्यूस्टनकडून ओक्लाहोमा सिटीकडे आणि तिथून न्यू यॉर्ककडे गेली. पण तिला अटी होत्या. २०२३मध्ये ती पहिल्या १४त आली तर आमच्याकडेच राहणार, २०२४मध्ये पहिल्या १२त, २०२५मध्ये पहिल्या १०त, आणि यंदा, २०२६मध्ये, पहिल्या ८त. यंदा नववी किंवा त्यापुढची आली तर ती न्यू यॉर्कची, आठात राहिली तर आमची, आणि मग त्या बदल्यात दुसऱ्या फेरीतल्या निवडी दिल्या की हिशेब मिटतो.

याचा अर्थ काय होतो ते नीट पाहावं. दर वर्षी अट कडक होत गेली, म्हणजे निवड हातात ठेवायची तर दर वर्षी अधिक वाईट राहणं भाग पडलं. लॉटरीत पहिल्या चारच जागांसाठी चेंडू निघतात, त्यामुळे तळाच्या चारांत असलेला संघ आठव्याच्या खाली जाऊच शकत नाही. म्हणून तळाच्या चारांत राहिलं की निवड शंभर टक्के सुरक्षित, आणि पाच-सहा सामने जास्त जिंकले की धोका सुरू. जानेवारीत ट्रे यंग आमच्याकडे आला, फेब्रुवारीत अँथनी डेव्हिस आला. दोन नामवंत खेळाडू. दोघंही जायबंदी अवस्थेतच आले, त्याबद्दल मला शंका घ्यायची नाही. पण ज्या हंगामात जिंकल्यानं संघाची संपत्ती हातातून जाते, त्या हंगामात कुठली विश्रांती डॉक्टरांनी सांगितलेली आणि कुठली हिशेबनिसांनी, हे ओळखण्याचं प्रेक्षकाकडे काहीच साधन नसतं. या शंकेनं खेळाडूंचंही नाव खराब होतं. जो माणूस खरोखर वेदनेत आहे, त्याच्याकडेही लोक संशयानं बघतात.

चौथी तक्रार दंडाबद्दल. एप्रिल २०२३मध्ये डॅलसनं शिकागोविरुद्ध महत्त्वाचे खेळाडू बसवले, कारण त्यांची निवड पहिल्या दहात राहणं गरजेचं होतं. तुम्ही साडेसात लाख डॉलर दंड केलात. निवड त्यांच्याकडेच राहिली. फेब्रुवारी २०२६मध्ये यूटाला पाच लाख डॉलर दंड झाला, कारण चौथ्या क्वार्टरमध्ये प्रमुख खेळाडूंना बाहेर बसवून ठेवलं. २०१८मध्ये मार्क क्यूबन यांनी ‘आपण हरलेलंच बरं’ असं आपल्या खेळाडूंना सांगितल्याचं उघडपणे बोलून दाखवलं, तर त्यांना सहा लाखांचा दंड. म्हणजे करणाऱ्याला आणि नुसतं खरं बोलणाऱ्याला शिक्षा जवळपास सारखीच. अब्जावधींच्या संघांना हा दंड म्हणजे व्यवसायाचा किरकोळ खर्च आहे. आणि त्या रात्री जे प्रेक्षक पैसे मोजून, मुलांना घेऊन, पार्किंगसाठी वेगळे पैसे देऊन आले होते, त्यांच्या हाती काय पडतं? जायबंदी खेळाडूंची यादी आदल्या संध्याकाळी येते. तिकीट कित्येक आठवडे आधी काढलेलं असतं.

पाचवी तक्रार लहान आहे, पण तिच्यावरून गैरसमज फार पसरतात. प्रत्यक्ष सोडत दूरचित्रवाणीवर दिसत नाही. ती तासभर आधी एका बंद खोलीत होते, तिथल्या लोकांचे फोन काढून घेतलेले असतात, आणि आम्हाला दिसतात ते लिफाफे उघडणारे हात. खोलीत पत्रकार असतात, लेखापाल असतात, नंतर चित्रफीतही प्रसिद्ध होते, हे मला माहीत आहे. सोडतीत लबाडी होते असं मला अजिबात वाटत नाही. पण १९८५मध्ये, सोडतच लिफाफ्यांतून होत असताना, न्यू यॉर्कला पॅट्रिक यूइंग मिळाला, तेव्हापासून ‘तो लिफाफा वेगळा होता’ ही कुजबुज आजवर थांबलेली नाही. डॅलसनं आपला सर्वांत मोठा खेळाडू लुका डॉन्चिच लॉस एंजेलिसला दिला आणि साधारण तीन महिन्यांनी त्यांनाच लॉटरीत पहिली निवड, म्हणजे कूपर फ्लॅग हा त्या वर्षीचा सर्वांत नावाजलेला नवा खेळाडू घेण्याची संधी मिळाली, तेव्हा हीच कुजबुज दुप्पट आवाजात सुरू झाली. उघड्यावर होणारी गोष्ट झाकून ठेवल्यावर लोकांनी शंका घेऊ नये अशी अपेक्षा कशी करता येईल?

आता मागण्या. मोजक्याच आहेत आणि प्रत्येकीला कुठंतरी आधार आहे.

प्लेऑफच्या शर्यतीतून संघ बाद झाला की त्यानंतरचे विजय मोजा, आणि निवडीचा क्रम त्यावर ठरवा. महिलांची व्यावसायिक आइस हॉकी लीग, पीडब्ल्यूएचएल, २०२४मध्ये सुरू झाली तेव्हापासून हेच करते. तिथं बाद झाल्यावर मिळवलेले गुण मोजले जातात आणि ज्याचे जास्त तो आधी निवडतो. यात दुबळ्यावर अन्याय होत नाही, कारण जो खरोखर दुबळा तो लवकर बाद होतो आणि त्याला गुण मिळवायला जास्त सामने मिळतात. अशा व्यवस्थेत मार्च महिन्यातला विझर्ड्स विरुद्ध शार्लट हा सामना अटीतटीचा होईल. कॅरिंग्टनच्या शॉटवर आख्खं शहर नाचेल. फेब्रुवारीआधीच लवकर बाद होण्याची धडपड सुरू होईल, असा आक्षेप मी ऐकला आहे. तो विचार करण्याजोगा आहे. पण हंगामाच्या सुरुवातीला, प्लेऑफची आशा जिवंत असताना, प्रशिक्षक आणि खेळाडूंना हरायला तयार करणं मार्चपेक्षा फार अवघड आहे, असं माझं मत आहे.

हे एकदम जमणार नसेल, तर निदान दोन हंगामांची एकत्र कामगिरी धरा. तुमच्याच घरातली डब्ल्यूएनबीए लॉटरीसाठी दोन वर्षांचा हिशेब धरते. मग एका वर्षी फायनल आणि पुढच्या वर्षी पहिली निवड, असा प्रकार जवळपास अशक्य होईल, आणि शेवटच्या चार आठवड्यांत हरण्याचा भावही उतरेल.

निवडींच्या व्यवहारात मधल्या क्रमांकांच्या अटी बंद करा. पहिल्या ४च्या आत आली तर आमची, एवढी एक अट ठेवा, नाहीतर अटच नको. ८, १०, १२ असे आकडे व्यवहारात लिहिले की संघाला नेमकं कितपत वाईट खेळायचं त्याचं लक्ष्य मिळतं.

एकदा पहिल्या चारांत निवड मिळाली की पुढच्या वर्षी त्या संघाला पहिल्या चारांत जागा नको. हा नियम आधीच असता तर २०२४मध्ये दुसऱ्या क्रमांकावर अलेक्झांडर सार मिळवणाऱ्या आमच्या संघाला २०२५च्या लॉटरीत वर जाण्याची आशाच उरली नसती. तरीही मी ही मागणी करते आहे. आपल्या संघापुरता सोयीचा नियम मागायला हे पत्र लिहिलेलं नाही.

ज्या सामन्याबद्दल तुम्ही संघाला दंड करता, त्या सामन्याच्या प्रेक्षकांना तिकिटाचे पैसे संघाकडून परत मिळवून द्या. आणि वारंवार तेच करणाऱ्या संघाकडून पैशांऐवजी लॉटरीतल्या संधी कापून घ्या.

सोडत थेट दाखवा. यंत्र, चेंडू, क्रमांक, सगळं. चार आकडे पडताना पाहण्यात जी उत्कंठा आहे ती लिफाफ्यांत नाही, त्यामुळे तुमच्या प्रक्षेपणाचंही नुकसान होणार नाही.

आणि नियम बदलण्यासाठी जी समिती बसते, तिथं मालक असतात, व्यवस्थापक असतात, प्रशिक्षक आणि खेळाडूंचे प्रतिनिधी असतात. तिथं प्रेक्षकांच्या वतीनं बोलणारी एक खुर्ची ठेवा. मताचा अधिकार लगेच मागत नाही. पण सगळ्या बाजू मांडल्या जातात तेव्हा आमची बाजूही कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावी.

मंडळातल्या एका सदस्याशी मला थेट बोलायचं आहे. विवेक रणदिवे साहेब, तुम्ही मुंबईचे. तुमच्या सॅक्रामेंटोनं सलग १६ हंगाम प्लेऑफचं तोंड पाहिलं नव्हतं, त्यातल्या बऱ्याच वर्षांत संघ तुमच्याकडे होता. २०१८मध्ये लॉटरीनं तुम्हाला दुसऱ्या क्रमांकावर आणलं, आणि त्यानंतर ड्राफ्टमध्ये झालेली निवड तुमच्या चाहत्यांना आजही सलते. मग २०२२-२३च्या हंगामात तुमच्या इमारतीच्या छतावरून जांभळ्या प्रकाशाचा झोत आकाशात जायला लागला. प्रत्येक विजयानंतर लोक त्याची वाट बघत होते. ते दृश्य विजयाचं होतं, लॉटरीचं नव्हे. मंडळात मतदान होईल तेव्हा तुम्ही याबद्दल बोलावं, ही विनंती.

यंदाच्या लॉटरीबद्दल आमच्या मनात काय आहे, तेही लपवत नाही. एजे डिबांट्सा, डॅरिन पीटरसन, कॅमेरून बूझर ही यंदाच्या ड्राफ्टमधली नावं आमच्या घरात हिवाळ्यापासून रोज घेतली जातात. मुलगा बीवाययू, कॅन्सस आणि ड्यूक यांचे कॉलेज सामने बघत आला आहे, आपल्या घरी येऊ घातलेल्या पाहुण्याबद्दल बोलावं तसा तो त्यांच्याबद्दल बोलतो. नागपूरचा पुतण्याही लॉटरी बघणार आहे. सार, कॅरिंग्टन, बिलाल कुलिबाली, कायशॉन जॉर्ज यांच्या जोडीला यातला एक जण आला तर काय होईल, या कल्पनेनं आम्हाला झोप लागत नाही, आणि पुन्हा खालच्या क्रमांकाच्या लिफाफ्यातच आमचं नाव निघालं तर काय, या धास्तीनंही लागत नाही. २०१०मध्ये आमच्या वतीनं आयरीन पोलिन मंचावर बसल्या होत्या. संघाचे मालक असलेले त्यांचे पती एब पोलिन आदल्या नोव्हेंबरमध्ये गेले होते. १९७८च्या विजेतेपदाची त्यांची अंगठी घालून त्या आल्या होत्या, आणि पाचव्या जागेवरून आमचा संघ पहिला आला. जॉन वॉल मिळाला. तो आनंद आम्ही विसरलेलो नाही. लॉटरी बंद करा असं म्हणूनच मी म्हणत नाही.

या वर्षी चेंडू आमच्या बाजूनं पडले तरी या पत्रातला एकही शब्द मी मागे घेणार नाही. नाही पडले, तरी त्यात एकही कडवट शब्द वाढवणार नाही. वरच्या मागण्यांपैकी कुठल्या मान्य, कुठल्या अमान्य आणि का, हे नव्या नियमांवर मतदान होण्याआधी जाहीरपणे सांगावं, एवढी माझी अपेक्षा आहे. पुढचा हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू होतो. मार्च २०२७मध्ये मुलानं मला तोच प्रश्न विचारला, तर उत्तर द्यायला क्षणभरही थांबावं लागू नये, अशा बेतानं नियम लिहा.

आपली,
मेरीलँडमधली एक प्रेक्षक, मूळ नागपूर